लुगडं न सोडता

नाच्या. हा शब्द मी आयुष्यात इतक्यांदा ऐकला, की आज कोणी तोंडावर म्हटलं तर मी त्याला बसवून चहा पाजतो. खरंच सांगतो. पण विसाव्या वर्षी हाच शब्द माझ्या घराला सहन झाला नाही, आणि घराचं ते न सहन होणं मला सहन झालं नाही. तिथून सगळं सुरू झालं.

आर्वीला आमचं कापडाचं दुकान होतं. आमचं म्हणजे मोठ्या बाबांचं, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचं. वडील त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते, आणि मी तर कोणाच्याच शब्दाबाहेर असायचं कारण नव्हतं. मोठे बाबा पांढऱ्या गादीवर बसायचे, काळी टोपी, कोटाची वरपर्यंत लावलेली बटणं, आणि दिवसभरात बोलायचे किती तर गिऱ्हाईक आलं की "काय पाहिजे" आणि गेलं की "या". मधलं सगळं कापडानं बोलावं, अशी त्यांची समजूत. चांगली समजूत आहे, मी नाव ठेवत नाही. फक्त ती माझ्या अंगात नव्हती.

माझी आई मी बारा वर्षांचा असताना गेली. तिची एक गोष्ट मला फार नीट आठवते, तिचा पदर. आमच्या घरात भासऱ्यापुढं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं, बाईनं तोंड उघडं ठेवायचं नाही, अशी रीत होती. मोठ्या बाबांच्या चपलांचा आवाज आला की आई डोक्यावरून पदर ओढायची, पार नाकाच्या शेंड्यापर्यंत. बाकीच्या बाया तो पदर दातांत धरायच्या नाहीतर हातानं. आई मात्र त्याचं टोक उजव्या कानामागं खोवायची, घट्ट. "दोन हात भाकरीले लागतात, पदर धराले तिसरा कुठून आणू?" असं म्हणायची. तिचं सारं असंच होतं, रीत पाळायची पण आपल्या सोयीनं.

ती गेल्यावर मी बराच काळ मामाकडे राहिलो, हिंगणघाटच्या बाजूला, एका लहान गावात. तिथं खडी गंमत होती. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, आमच्या भागातला हा उभ्या-उभ्याचा तमाशा. डफ वाजवणारा शाहीर, एक सोंगाड्या, आणि बाईचं काम करणारा पुरुष, तो नाच्या. पडदा नाही, स्टेज नाही, लोक चारी बाजूंनी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायची तेव्हा भर दुपारी, उन्हात गंमत चालायची. त्या गावचा शाहीर म्हणजे गावचाच शिंपी. त्याचा नाच्या एका मोसमात तापानं आडवा झाला, आणि शाहिरानं मंडळींना विचारलं, "लुगडं कोणाले नेसता येते?" मी हात वर केला. आईला रोज नेसताना पाहिलेलं. मामाच्या पेटीत तिचीच दोन लुगडी होती. नेसलो, पदर घेतला, टोक कानामागं खोवलं, आणि उभा राहिलो. शाहीर म्हणाला, "बाप्पा! हे तं बाईच हाये."

गमतीत लिहिलेलं काही नसतं. गोष्ट काय हे ठरलेलं असतं, बोलणं ठरलेलं नसतं. सोंगाड्या आज काय बोलेल हे ब्रह्मदेवाला माहीत नाही, आणि गर्दीतून कोण काय ओरडेल हे तर त्याच्याही हातात नाही. पहिल्या दिवशी एक म्हातारा मधेच म्हणाला, "वो बाई, तुमची मिशी निंगून राह्यली." मी भांबावलो आणि म्हणालो, "नाई, मले मिशी नाई." झालं. गंमत बसली. काम संपल्यावर शाहिरानं मला बाजूला घेतलं. आपल्या शिलाईच्या मशिनीवर बसल्या-बसल्या, सुईत दोरा ओवत, त्यानं मला जे सांगितलं त्याच्यावर मी पुढं धंदा केला.

"हे पाय, पोट्ट्या. समोरचा जे फेकन ते झेलाचं. नाई म्हणाचं नाई. नाई म्हटलं की गंमत मेली. त्यानं मिशी म्हटली ना, तं म्हणाचं, 'हो वो बाबा, सासूबाईंची आठवण म्हून ठेवली.' त्यानं दिलं ते घे, त्याच्यात तुह्यं टाक, अन् वापस दे. खाली पडू देऊ नको."

चार मोसम मी खाली पडू दिलं नाही. आणि पाचव्या मोसमात आमचा संच आर्वीपासून दोन कोसांवरच्या मंडईत गेला.

मी तेव्हा पुन्हा आर्वीत राहायला लागलो होतो, दुकानात बसत होतो, आणि दिवाळीनंतर "मामाकडे जातो" म्हणून गमतीत जात होतो. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मोठ्या बाबांना कोणीतरी सांगितलं. ते दमणी, बैलांची छोटी गाडी, जुंपून आले. काम रंगात आलेलं, माझ्या अंगावर आईचं निळं लुगडं, आणि गर्दीच्या कडेला काळी टोपी दिसली. मी काय करावं? पळून जावं? मला तेव्हा सुचलं नाही, आणि मी जे लहानपणापासून करत आलो तेच केलं. गर्दीतून वाट काढत गेलो आणि त्यांच्या पाया पडायला वाकलो.

त्यांनी पाय मागं घेतले.

"आधी ते लुगडं सोड," ते म्हणाले. आवाज चढवलाच नाही. "मंग पायाले हात लाव."

शे-दोनशे माणसं बघत होती. मी लुगडं सोडलं असतं तर आत लंगोट होता. पण ते कारण नव्हतं. ते लुगडं माझ्या आईचं होतं, आणि त्यात मी काही वाईट करत नव्हतो. माझ्या डोक्यात अशी काही तिडीक गेली की मी सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "सोडत नाई."

"मंग घरीही येऊ नको."

"नाई येत."

आयुष्यात पहिल्यांदा मी शाहिराची शिकवण मोडून दोनदा नाई म्हटलं होतं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, कापडाचाच धंदा करीन, माझा स्वतःचा करीन, आणि हेच लुगडं अंगावर घेऊन करीन. मोठ्या बाबांच्या पाया पडायची वेळ आली तर लुगडं न सोडता पडेन, नाहीतर पडणारच नाही. पोरकट होतं? असेल. मला त्याची लाज वाटत नाही.

आईच्या कानातले माझ्या वाट्याला आले होते. ते मोडले, हिंगणघाटहून माल उचलला, मामाच्या सायकलला मागं गाठोडं बांधलं आणि वडनेरच्या आठवडी बाजारात जाऊन बसलो. आणि आता माझा मूर्खपणा ऐका. तिथं बसून मी काय केलं? मोठे बाबा करायचे तेच! पांढरी चादर अंथरली, कोटाची बटणं लावली, तोंड बंद. दुकानदार म्हणजे असाच असतो हे डोक्यात ठसलेलं. घरातून भांडून निघालो आणि ज्यांच्याशी भांडलो त्यांचीच नक्कल करत बसलो. तीन बाजार माशा मारल्या. शेजारी मिरच्यांची बाई होती, तिनंच दया येऊन एक टॉवेल घेतला.

चौथ्या बाजारी एक गाडीवान आला. गडी चांगला धिप्पाड, बायकोसोबत होता. माझ्याकडं बघितलं, पुन्हा बघितलं, आणि बाजार दणाणेल असा ओरडला, "अबे, हा तं नाच्या होय! काय बे, लुगडे इकून राह्यला का नेसून राह्यला?"

हसू पिकलं. दोन बाया माझ्यापुढं बसून घड्या चाळत होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावले आणि उठायलाच लागल्या. माझे कान तापले. "नाई, तो मी नाई" हे अगदी ओठांवर आलं होतं. आणि त्याच क्षणी मला शाहिराचा तो सुईदोरा दिसला. मी कोटाची बटणं काढली. कोट बाजूला ठेवला. सगळ्यात वरचं लुगडं उचललं, धोतरावरूनच नेसायला सुरुवात केली आणि गमतीतल्या बाईच्या आवाजात म्हणालो, "नेसल्याबिगर इकतच नाई वो भाऊजी! घरी नेल्यावर वहिनीले कसं दिसते, हे तुमाले इथं कसं समजन? या, पाहून घ्या."

काय सांगू! मिनिटात तिथं गर्दी. गाडीवान आता मागं हटेना, त्यालाही चेव आला. "चालून दाखव!" चाललो. "गाडीत चढून दाखव!" त्याच्याच गाडीत चढलो, उतरलो. त्याच्या बायकोनं मात्र खरा प्रश्न विचारला. हळूच म्हणाली, "निंदाले वाकलं की किनार चिखलात जाते का, ते दाखवा ना." मी वाकलो, हातात विळा नसताना पिकाची अख्खी ओळ निंदून, म्हणजे खुरपून दाखवली, आणि किनार किती वर राहते ते तिनं बसून, मान तिरपी करून पाहिलं. त्या दिवशीचं पहिलं लुगडं त्या गाडीवानानंच घेतलं.

तुम्ही म्हणाल, हा तर तमाशा झाला. हो, झाला. पण त्यातून मी जे शिकलो ते आर्वीच्या गादीवर जन्मभर शिकलो नसतो. बाईमाणूस दुकानात लुगडं नेसून बघू शकत नव्हती. घडी चाचपायची, किनार बघायची, आणि घरी नेऊन नशिबावर सोडून द्यायचं. मला मात्र त्या सांगायच्या, आणि मी करून दाखवायचो. पाण्याची घागर घे. जात्यावर बस. पोर काखेत घेतल्यासारखं कर. एक म्हातारी म्हणाली, कापूस येचाले जातो आमी, याची ओटी किती मोठी होते? मी मिरच्यांच्या बाईकडून कांद्यांची पाटी उसनी घेतली आणि पदराची ओटी करून त्यात कांदे भरत गेलो, म्हातारी मोजत गेली. कोणतं सूत ओटीच्या वजनानं ताणतं आणि कोणतं नाही, हे मला त्या कांद्यांनी शिकवलं. पुढच्या वेळी हिंगणघाटला माल घ्यायला गेलो तेव्हा ठोक दुकानदार नमुने दाखवत होता, आणि मी त्याच्या दुकानात उकिडवा बसून, लुगडं ओढून-ताणून बघत होतो. तो म्हणाला, हे काय करून राह्यले? म्हटलं, कापूस वेचून राह्यलो.

धंदा वाढला. वडनेरचा बाजार माझा झाला, मग आजूबाजूचे आणखी दोन. लोक माझ्या येण्याची वाट बघायला लागले, आणि इथंच माझं डोकं फिरलं. हे कबूल केलं पाहिजे. माणसाला हशाची चटक लागली की तोंड मोकाट सुटतं. गमतीत फेकलेलं वाक्य हवेत विरून जातं, दुसऱ्या दिवशी कोणी त्याचा जाब विचारत नाही. दुकानातलं वाक्य गिऱ्हाईक घडीसोबत घरी घेऊन जातं. हा फरक मला कोणी सांगितला नव्हता, आणि शाहिरालाही तो सांगायचं कारण नव्हतं.

वडनेरच्या शाळेतल्या मास्तरांच्या घरच्या बाई होत्या, आम्ही सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायचो. बोलणं मोजकं, चष्मा, उगाच हसायच्या नाहीत. त्यांनी भाचीच्या लग्नासाठी कुंकवाच्या रंगाचं एक पातळ पसंत केलं आणि विचारलं, "रंग पक्का आहे ना?"

मला माहीत नव्हतं. माल नवा होता. माहीत नाही, एवढं म्हणायला हवं होतं. पण भोवती वीस-पंचवीस माणसं, आत्ताच हशा झालेला, आणि ह्या बाई एकट्याच हसल्या नव्हत्या. मी म्हणालो, "रंग गेला तं हेच पातळ नेसून सगळ्या बाजारात फिरीन बाई, पायात चाळ बांधून!" मास्तरीणबाईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. मला वाटलं, जिंकलो.

तीन बाजारांनंतर त्या आल्या. एका हातात कागदात गुंडाळलेलं पातळ, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. दोन्ही माझ्या चादरीवर ठेवले.

"हळदीच्या वेळी पाणी उडालं," त्या म्हणाल्या. "मी नवरीजवळ बसली होती. तिच्या पिवळ्या लुगड्यावर लाल डाग पडले. नव्या नवरीच्या अंगावर असे डाग. मांडवात सगळ्यांपुढं मले अपशकुनी म्हणाले. बहिणीनं पुढच्या कोणत्या कामाले हात लावू देला नाई." "मी रंग पाहून नव्हतं घेतलं. तुमच्या बोलण्यावर घेतलं. आता बोलल्यासारखं करा."

आजूबाजूला गाडीवानासकट सगळे जमले होते, पण कोणी हसत नव्हतं. मला वरून एक चांगला विनोद सुचला होता, अगदी तयार. मी तो गिळला. त्या बाईंच्या चेहऱ्याकडं बघून मला अशी लाज वाटली की विनोद करणारं तोंड आपलं नसावं असं वाटलं. पण शिकवण तीच होती ना, समोरच्यानं टाकलं ते झेलायचं. त्यांनी माझंच वाक्य माझ्याकडं परत टाकलं होतं. ते खाली पडू देणं मला शक्य नव्हतं.

मी ते पातळ नेसलो. तांब्या स्वतःच डोक्यावर ओतला. चाळ नव्हते, तर गाडीवानानं बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून दिली, ती पायात अडकवली. आणि निघालो. धान्याच्या ओळीतून, मिरच्यांच्या, भांड्यांच्या, पार गुरांच्या बाजारापर्यंत. पायांवरून लाल पाणी वाहत होतं, धुळीत त्याचे ओघळ पडत होते. दर चार पावलांवर मी थांबून, बाईच्या नाही, माझ्या आवाजात ओरडत होतो, "हे पातळ म्या इकलं! रंग कच्चा हाये! ज्यानं ज्यानं नेलं असन, त्यानं वापस आणा, म्या बदलून देतो!" आधी शिट्ट्या झाल्या. मग शिट्ट्या थांबल्या. एक जण मागून "नाच्या!" ओरडला, तर मिरच्यांच्या बाईनं त्याच्यावर असं काही तोंडसुख घेतलं की तो बाजारच सोडून गेला. मास्तरीणबाई शेवटपर्यंत माझ्या मागं चालत होत्या.

परत आल्यावर त्या चादरीपुढं बसल्या. "आता बदलून द्या." त्यांनी गर्द हिरवं निवडलं. मी घडी घालायला लागलो तर म्हणाल्या, "थांबा. आधी बुडवा." त्यांच्या तांब्यात थोडं पाणी उरलं होतं, त्यात पदराचं टोक बुडवलं, पिळलं, पाणी ओंजळीत घेऊन त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि मान हलवली.

पुढच्या बाजारी मी गाठोड्यासोबत एक लोखंडी बादली आणली. पाण्यानं भरून पुढं ठेवली. कोणी काही घेवो, आधी टोक बुडवायचं, गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं. त्यानंतर रंगाबद्दल मी तोंडातून शब्द काढला नाही.

लाल पातळं परत आली, बरीच आली. मी सगळी बदलून दिली आणि माझ्याकडं जवळजवळ काही उरलं नाही. नेमकं तेव्हाच मोठ्या बाबांचं कार्ड आलं. पोस्टाचं कार्ड, म्हणजे माझ्या आधी अर्ध्या गावानं वाचलेलं. वडनेरची बातमी आर्वीला पोचली होती. लिहिलं होतं: आपल्या घराण्याचा मुलगा भर बाजारात लुगडं नेसून, पायात घुंगरू बांधून फिरला, हे ऐकून मान खाली गेली. झालं ते झालं. दुकानात तुझी जागा आहे. यापुढे अंगाला लुगडं लावणार नाही, असं देवाच्या तसबिरीवर हात ठेवून चारचौघांत म्हण आणि ये. ते जमत नसेल तर कापडाच्या धंद्यात आमचं नाव लावू नको.

मी ते कार्ड घेऊन दोन दिवस फिरलो. खोटं कशाला सांगू, जावंसं वाटलं. गाठोडं रिकामं, सायकलचा टायर फाटलेला, आणि तिकडं पांढरी गादी, डोक्यावर छप्पर. एक वाक्य म्हणायचं फक्त. चारचौघांत वाक्य म्हणायचं तर माझं कामच होतं, हजार खोटी वाक्यं म्हटली होती. पण हे म्हटलं असतं तर वडनेरच्या बाजारात मी जे केलं ते लाजेचं होतं असा त्याचा अर्थ झाला असता. ते लाजेचं नव्हतं. माझ्या आयुष्यात तोवर केलेलं तेच एक काम होतं ज्याच्याबद्दल मला ताठ मानेनं सांगता येत होतं. आणि ते मी लुगडं नेसून केलं होतं.

मी उलट कार्ड टाकलं. तेही सगळ्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. "साष्टांग नमस्कार. आपलं नाव लावणार नाही. दुकान लावणार आहे."

आर्वीत तर जागा मिळणं शक्य नव्हतं. हिंगणघाटलाही कापडाच्या ओळीत सगळे मोठ्या बाबांच्या ओळखीचे. मग मी हिंगणघाटजवळच्या जाम गावी गेलो. तिथं रस्ते मिळतात, मोटारी थांबतात, आणि ओळच नाही तर ओळीतून काढणार कोण? चहाचं एक हॉटेल, पंक्चरवाला, आणि त्यांच्या मधे मी टिनाचं छप्पर टाकलं. पाटी लावली नाही. दाराशी बादली ठेवली. लोक बादलीवाल्याचं दुकान म्हणायला लागले, तेच नाव झालं.

जामचं गिऱ्हाईक वेगळं. बाजारात बाई अर्धा दिवस बसायची, इथं ड्रायव्हरचा चहा होईपर्यंतच वेळ. मग मी माझं काम त्या चहाएवढं केलं. मोटार थांबली की लुगडं अंगावर, उतरणाऱ्यांतून कोणीतरी काहीतरी बोलायचंच, आणि जे बोलेल तिथून सुरू. कोणी हसलं तर हसण्यावरून, कोणी रागावलं तर रागावरून. काही ड्रायव्हर तर भोंगा वाजवायचा सोडून दुसरा चहा मागवायचे.

दुकानाला दोन वर्षं होत आली होती. लग्नसराईचे दिवस. नागपूरहून येणारी मोटार थांबली. माझ्या अंगावर हिरवं लुगडं होतं, रस्त्याकडं पाठ करून मी दोन बायांना वाकून दाखवत होतो. मागून आवाज आला.

"बाई, ते हिरवं दाखवा."

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. नागपूरहून माल घेऊन मोठे बाबा लेकीच्या सासरी, वडनेरला चालले होते. पाठमोऱ्या मला त्यांनी खरंच बाई समजून म्हटलं, की ओळखून, टोमणा म्हणून, हे मला आजही माहीत नाही. मी वळलो. समोर काळी टोपी, कोटाची बटणं वरपर्यंत. चेहरा थकलेला होता. त्यांनी वाक्य टाकलं होतं आणि ते आम्हा दोघांच्या मधे लोंबकळत होतं.

मी पदर ओढला, नाकाच्या शेंड्यापर्यंत. टोक उजव्या कानामागं खोवलं. मान खाली घातली आणि बाईच्या आवाजात म्हणालो, "भासऱ्यापुढं उभ्यानं कशी बोलू, बाप्पा! आधी तुमी बसा तरी."

दोघी बाया खळखळून हसल्या, हॉटेलवाला हसला, ड्रायव्हर हसला. मोठे बाबा हसले नाहीत. ते बाकावर बसले. माझी मान खालीच होती.

"तुह्यी माय असाच पदर घ्यायची," ते म्हणाले. "कानामागं खोवून."

मी पदराआडून त्यांच्या चपलांकडं बघत राहिलो.

"एका घरात चौदा वर्षं राह्यली ती. म्या तिचं तोंड कधी पाह्यलं नाई. फक्त हे पाह्यलं."

त्यांनी हात पुढं केला. मी हिरव्या लुगड्याची एक घडी दिली. त्यांनी ती उलगडली, किनार अंगठ्याखाली घासली, मग कोटाची बाही वर सारून टोक बादलीत बुडवलं. पिळलं. पाणी तळहातावर घेऊन उजेडात धरलं, कसलेल्या कापडवाल्यासारखं, बराच वेळ.

"पक्का हाये," ते म्हणाले. आणि मग, "आर्वीले येजो. अट नाई."

"येईन," मी म्हणालो, माझ्या आवाजात. "पाहुणा म्हून येईन. दुकान इथंच राहीन. अन् येईन तं असाच येईन."

त्यांनी हो म्हटलं नाही. नाईही म्हटलं नाही. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, माणसं मोटारीकडं पळाली. मी पदर तसाच ठेवला, लुगडं तसंच ठेवलं, आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. भोंगा पुन्हा वाजला, मग पुन्हा. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत.